कठड्याच्या आत: थीम पार्क आणि लहानग्यांसह सहलीचा इतिहास

लहान मुलांना घेऊन थीम पार्कला जाऊ पाहणारे कुटुंब घराबाहेर पडण्यापूर्वीच अनेक प्रश्नांचा निकाल लावून ठेवते: कोणत्या महिन्यात जायचे, किती दिवस मुक्काम करायचा, हॉटेल उद्यानाच्या आवारातले घ्यायचे की बाहेरचे, सकाळी पहिल्यांदा कोणती राइड गाठायची, दुपारी धाकट्याला कुठे निजवायचे आणि थोरल्याची उंची मोठ्या रोलर कोस्टरला पुरेल की नाही. हे प्रश्न आज इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांनाही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. तथापि त्यांतील प्रत्येक प्रश्नाला जन्मकाळ आहे, आणि ते सारे मिळून एका मोठ्या बदलाची हकिकत सांगतात. करमणुकीच्या जागी मूल पाळण्यात बसते आणि आईवडील कठड्याबाहेर उभे राहतात, ही जुनी रीत मोडून दोघांना एकाच पाळण्यात बसवण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या मध्यास झाला, आणि मुलाचा व पालकाचा दिवस असा एक झाला तेव्हा त्या दिवसाची आखणी करण्याची गरज निर्माण झाली.

थीम पार्क ही संज्ञा येथे नेमक्या अर्थाने घ्यावी लागते. जत्रेत किंवा साध्या करमणूक उद्यानात पाळणे, दुकाने आणि खेळ एकमेकांशेजारी येऊन बसतात व त्यांच्यात शेजारापलीकडचे नाते नसते. थीम पार्कमध्ये इमारती, राइड, कर्मचाऱ्यांचे पोशाख, खाद्यपदार्थ आणि संगीत ही सर्व एखाद्या कथेच्या, काळाच्या किंवा प्रदेशाच्या कल्पनेभोवती गुंफलेली असतात. या प्रकाराची पाळेमुळे युरोपातील विहार-उद्यानांत, म्हणजे फिरण्या-बसण्यासाठी, संगीत ऐकण्यासाठी आणि खाण्यापिण्यासाठी राखलेल्या बागांत सापडतात. कोपनहेगनच्या उत्तरेस असलेल्या बाकेन या ठिकाणाचा आरंभ १५८३ पर्यंत मागे नेला जातो, तर त्याच शहरातील टिवोली हे उद्यान गेओर्ग कार्स्टेनसेन यांनी १५ ऑगस्ट १८४३ रोजी सुरू केले. झाडी, पाणी, दिवे, वाद्यवृंद आणि खेळ यांची टिवोलीने घातलेली सांगड पुढे शतकभराने, १९५१ मध्ये, वॉल्ट डिस्नी या अमेरिकी चित्रपट-निर्मात्याच्या नजरेत भरली.

अमेरिकेत या व्यवसायाला वळण लावले ते शिकागो येथील १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाने. मराठी वाचकाला हे प्रदर्शन स्वामी विवेकानंदांनी गाजवलेल्या सर्वधर्म परिषदेमुळे ठाऊक असते, कारण ती परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. त्याच प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने २६४ फूट उंचीचे पोलादी चक्र उभारले, ज्याला ३६ डबे होते आणि प्रत्येक डब्यात साठ माणसे मावत. वॉल्ट डिस्नी यांचे वडील इलायस हे या प्रदर्शनाच्या बांधकामावर सुतारकाम करीत होते. उभे फिरणारे चक्र ही कल्पना मात्र फेरिस यांच्या पुष्कळ आधीची आहे: पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० मध्ये ऑटोमन साम्राज्यातील, आजच्या बल्गेरियातील, एका गावी माणसांना बसवून फिरवली जाणारी लाकडी चक्रे पाहून त्यांची नोंद केली होती, आणि महाराष्ट्रातील जत्रांतही हाताने फिरवायचे लाकडी पाळणे लोकांच्या परिचयाचे होते. इंग्रजीत या यंत्राला अभियंत्याचे नाव चिकटले; मराठीने त्याला पाळणा, रहाटपाळणा किंवा आकाशपाळणा म्हटले, म्हणजे तान्ह्या बाळाला ज्यात जोजवतात त्या वस्तूचेच नाव दिले, आणि करमणुकीच्या यंत्राचा लहान मुलाशी असलेला संबंध भाषेतच कायमचा नोंदवून ठेवला.

प्रत्यक्ष व्यवहारात हा संबंध इतका सरळ नव्हता. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या समुद्रकाठी १८९७ मध्ये जॉर्ज टिल्यू यांनी स्टीपलचेस पार्क सुरू केले, १९०३ मध्ये लूना पार्क आणि १९०४ मध्ये ड्रीमलँड आले, आणि कुंपण घालून दारात पैसे घेण्याची पद्धत येथेच रुळली. परंतु या उद्यानांचा मुख्य ग्राहक होता तो शहरातील तरुण कामगारवर्ग; एकमेकांच्या अंगावर माणसे कलंडावीत अशा बेताने बनवलेल्या तेथील राइड तरुण जोडप्यांसाठी होत्या आणि लेकुरवाळ्या बाईला तेथे फारसे करण्यासारखे काही नव्हते. कोनी आयलंडवरील सर्वांत लहान मुले तर स्वतःच प्रेक्षणीय वस्तू ठरली होती. अकाली जन्मलेल्या अर्भकांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या त्या काळी बहुतेक रुग्णालयांत नव्हत्या, तेव्हा मार्टिन कूनी यांनी अशा पेट्यांत ठेवलेली खरीखुरी बाळे १९०३ पासून १९४३ पर्यंत येथे लोकांना दाखवली, पाहणाऱ्यांकडून पंचवीस सेंट घेतले, त्या पैशातून परिचारिकांचा आणि दुधाचा खर्च भागवला, आणि बाळांच्या आईवडिलांकडून काहीही न घेता हजारो जीव वाचवले. ज्या जागी मुलांच्या खेळण्याची सोय तुटपुंजी होती त्याच जागी बाळांच्या जगण्याची सोय झाली, ही या इतिहासातील विलक्षण घटना होय.

मुलांसाठी वेगळी जागा करण्याचा विचार १९२० च्या दशकात मूळ धरू लागला. टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ येथे १९२५ मध्ये खास मुलांचे करमणूक उद्यान निघाले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मदर झपाट्याने वाढल्यावर छोटी मोटार, छोटी आगगाडी, छोटे घोडे अशा लहान मापाच्या राइड असलेली अशी उद्याने गावोगावी दिसू लागली. या व्यवस्थेत मूल खूश होते. मात्र राइडचे आसनच इतके लहान असे की पालकाने तिकीट काढावे, मुलाला आत बसवावे आणि चक्कर पुरी होईपर्यंत कठड्याबाहेरून हात हलवीत राहावे, एवढेच त्याच्या वाट्याला येई. लॉस एंजेलिसमधील ग्रिफिथ पार्क या सार्वजनिक बागेत १९३७ पासून असलेल्या मेरी-गो-राउंडवर डिस्नी आपल्या दोन मुलींना, डायन आणि शॅरन यांना, सुटीच्या दिवशी नेत असत; मुली लाकडी घोड्यांवर बसत आणि वडील बाकावर बसून शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत. आईवडील आणि मुले यांना एकत्र रमता येईल अशी जागा असली पाहिजे हा विचार त्या बाकावर बसून आपल्या मनात आल्याचे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले.

त्या विचाराला आकार येण्यास मदत करणारे आणखी एक ठिकाण म्हणजे कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे २ सप्टेंबर १९५० रोजी उघडलेले चिल्ड्रन्स फेअरीलँड. बालगीतांतील आणि परीकथांतील प्रसंग येथे चालून पाहण्याजोग्या आकारात उभे केले होते, आणि प्रवेशद्वार होते बालगीतातील म्हातारीचा भला थोरला बूट, ज्याचे दार मुलांच्या मापाचे असल्याने मोठ्या माणसाला वाकून आत शिरावे लागे. त्याच दशकात मुंबईतील मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कमध्येही त्याच बालगीतातला बूट उभा राहिला आणि ‘म्हातारीचा बूट’ या नावाने मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांच्या आठवणीत जाऊन बसला. मोठ्यांनी मुलांच्या मापाला वाकावे हा धडा या दोन्ही बुटांनी दिला. डिस्नी यांनी फेअरीलँड पाहिले होते, आणि मोठ्यांना वाकायला न लावता मुलांच्या जगात कसे न्यावे, हा पुढचा प्रश्न त्यांनी हाती घेतला.

३१ ऑगस्ट १९४८ या तारखेचे त्यांचे एक टिपण उपलब्ध आहे, ज्यात बरबँक येथील आपल्या स्टुडिओजवळ काढावयाच्या छोट्या उद्यानाची कल्पना मांडलेली आहे. या टिपणाच्या आरंभीच्या भागात हिरवळ, झाडे, पिण्याच्या पाण्याची तोटी, बँड वाजवण्याचा चौथरा आणि बाक यांचा उल्लेख येतो, आणि आयांनी व आज्यांनी विसावा घेत खेळत्या मुलांवर लक्ष ठेवावे अशी ही जागा असावी, असे त्यात म्हटले आहे. थरारक राइडचा विचार पुढचा, बसण्याच्या जागेचा आधीचा, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. बरबँकच्या नगरपरिषदेने परवानगी नाकारली आणि दरम्यान कल्पनाही त्या जागेत मावेनाशी झाली, तेव्हा १९५३ मध्ये हॅरिसन प्राइस या अर्थतज्ज्ञाकडे जागा शोधण्याचे काम सोपवण्यात आले. लोकसंख्येचा कल, हवामान, जमिनीचा भाव आणि होऊ घातलेला महामार्ग यांचा हिशेब मांडून त्यांनी अ‍ॅनाहाइम या गावाची शिफारस केली, आणि संत्र्याच्या बागांची सुमारे १६० एकर जमीन घेण्यात आली. पैशाची अडचण एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीशी झालेल्या कराराने सुटली: कंपनीने भांडवल घातले आणि कर्जाला हमी दिली, तर डिस्नी यांनी ‘डिस्नीलँड’ नावाची साप्ताहिक मालिका दिली, जी २७ ऑक्टोबर १९५४ पासून घरोघरी दिसू लागली. उद्यान उघडण्याच्या कितीतरी महिने आधीच मुलांना त्याची ओढ लागली होती, आणि सहलीचा हट्ट दिवाणखान्यात बसून धरला जाण्याची प्रथा येथूनच सुरू झाली.

उद्यानाची रचना लहान मूल हाताशी असलेल्या माणसाचा विचार करून झाली होती. आत येण्यास एकच दार होते, त्यामुळे चुकलेले मूल बाहेर पडण्याचा धोका कमी झाला. भोवताली मातीचा उंच बांध घातल्याने बाहेरचे रस्ते आणि विजेचे खांब दृष्टीआड झाले. दारापासून सरळ जाणारा रस्ता एका गोल चौकात पोहोचत असे आणि तेथून निरनिराळ्या विभागांच्या वाटा फुटत, त्यामुळे थकलेल्या कुटुंबाला ७७ फूट उंचीच्या किल्ल्याच्या रोखाने चालत राहिले की चौक सापडे. मुख्य रस्त्यावरील इमारतींचे वरचे मजले खालच्या मजल्यापेक्षा लहान मापात बांधले होते, आणि उद्यानाला फेरी घालणारी वाफेची आगगाडी खऱ्या गाडीच्या पाच-अष्टमांश मापाची होती; मोठ्या माणसाला ती गंमत वाटे, मुलाला ती आपल्या आवाक्यातली वाटे, आणि दोघांनाही तिच्यात बसता येई. उडत्या डंबो हत्तीच्या राइडवर तर आई आणि मूल एकाच हत्तीत शेजारी बसत. कठड्याबाहेरचा पालक आत आला तो असा.

सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून झालेले हे उद्यान १७ जुलै १९५५ रोजी निमंत्रितांसाठी उघडले तेव्हा मात्र आखणीचा फज्जा उडाला. बनावट निमंत्रणपत्रिका घेऊनही पुष्कळ लोक आत शिरले, उन्हाने ताज्या डांबरात स्त्रियांच्या पादत्राणांच्या टाचा रुतल्या, आणि नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याच्या तोट्या अपुऱ्या पडल्या, ज्याची झळ लहान मुले बरोबर असलेल्यांना सर्वांत जास्त बसली असणार हे उघड आहे. तरीही पहिल्या दोन महिन्यांच्या आतच दहा लाख माणसे येऊन गेली.

सहलीच्या आखणीचे पहिले साधन ठरले ते तिकिटांचे पुस्तक. आरंभी दाराशी प्रवेशशुल्क आणि प्रत्येक राइडपाशी वेगळे पैसे अशी पद्धत होती. ऑक्टोबर १९५५ पासून ए, बी आणि सी अशा दर्जांची तिकिटे एकत्र बांधलेले पुस्तक मिळू लागले, १९५६ मध्ये डी आणि १९५९ मध्ये ई हा दर्जा आला. मेरी-गो-राउंडसारख्या सौम्य राइडना खालच्या दर्जाचे तिकीट लागे आणि मॅटरहॉर्न या पर्वताच्या आकारातील रोलर कोस्टरसारख्या गाजलेल्या राइडना ई दर्जाचे. ई दर्जाची मोजकी तिकिटे कोणी, केव्हा वापरायची याचा निर्णय कुटुंबाला बसून घ्यावा लागे, आणि लहान मुले असलेल्या घरात ए आणि बी तिकिटे आधी संपून ई तिकिटे उरत, तर मोठी मुले असलेल्या घरात नेमके उलटे होई. ही पुस्तके १९८२ मध्ये बंद होऊन एकाच प्रवेशमूल्यात सर्व राइड देण्याची पद्धत आली. पैशाचा हिशेब संपला आणि त्याची जागा वेळेच्या हिशेबाने घेतली.

‘कुटुंबांसाठी’ या शब्दात सर्व कुटुंबे येत होती असे मात्र या काळाविषयी म्हणता येत नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि सीमेवरील राज्यांत अनेक करमणूक उद्याने कृष्णवर्णीयांना बंद होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात, जाहिरात पाहून फनटाउन या उद्यानात जाण्याचा हट्ट धरणाऱ्या आपल्या सहा वर्षांच्या मुलीला ते काळ्या मुलांसाठी नाही हे समजावून सांगताना बापाची जीभ कशी अडखळते, याचा उल्लेख केला आहे. त्याच वर्षी, दीर्घ निदर्शनांनंतर, बाल्टिमोरजवळचे ग्विन ओक पार्क २८ ऑगस्ट रोजी, म्हणजे वॉशिंग्टनमधील ऐतिहासिक मोर्चाच्याच दिवशी, सर्वांना खुले झाले, आणि तेथील मेरी-गो-राउंडच्या घोड्यावर अकरा महिन्यांच्या एका कृष्णवर्णीय मुलीला तिच्या वडिलांनी धरून बसवले. ते मेरी-गो-राउंड पुढे वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मैदानात नेण्यात आले. मुलाला खेळायला नेता येणे हा नागरिकत्वाचा भाग आहे, ही गोष्ट त्या लाकडी घोड्याने जितकी स्पष्ट केली तितकी क्वचितच कशाने केली असेल.

एका दिवसाची सहल अनेक दिवसांची सुटी झाली ती फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडोजवळ. अ‍ॅनाहाइमच्या उद्यानाभोवती इतरांची हॉटेले आणि दुकाने दाटली आणि विस्ताराला जागा उरली नाही, या अनुभवातून डिस्नी कंपनीने तेथे सुमारे २७,००० एकर जमीन घेतली. वॉल्ट डिस्नी यांचे १५ डिसेंबर १९६६ रोजी निधन झाले आणि त्यांचे बंधू रॉय यांनी १ ऑक्टोबर १९७१ रोजी वॉल्ट डिस्नी वर्ल्ड सुरू केले. उद्यानाबरोबरच दोन हॉटेले उघडली, त्यामुळे दुपारी मुलाला खोलीवर नेऊन निजवावे आणि संध्याकाळी परत यावे हा क्रम शक्य झाला. १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये चित्रपटविषयक उद्यान, १९९० मध्ये शेजारीच दुसऱ्या कंपनीचे युनिव्हर्सल स्टुडिओज आणि १९९८ मध्ये अ‍ॅनिमल किंगडम अशी भर पडत गेली, आणि एका आठवड्यात काय पाहावे व काय सोडावे हा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहिला. १९८५ मध्ये निघालेल्या ‘द अनऑफिशियल गाइड टू वॉल्ट डिस्नी वर्ल्ड’ या मार्गदर्शक पुस्तकात कोणत्या क्रमाने राइड घेतल्या असता रांगेत कमी वेळ जाईल याचे तयार आराखडे दिलेले असत. फिरत्या विक्रेत्याने सर्व गावे कमीत कमी प्रवासात कशी गाठावीत, या गणितातील प्रसिद्ध कोड्याचाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे प्रत्येक गावी थांबण्याचा वेळ तासातासाला बदलतो, आणि विक्रेत्याच्या कडेवर मूल असते.

रांग हा या व्यवसायाचा कायमचा प्रश्न आहे, आणि त्याचे मूळ हिशेबातच आहे: वर्षातील एका सर्वोच्च गर्दीच्या दिवसाला पुरेल एवढे उद्यान बांधले तर ते उरलेले वर्षभर रिकामे राहील, म्हणून गर्दीच्या काही दिवसांची सरासरी धरून क्षमता ठरवली जाते, आणि शाळेच्या सुट्यांत ती अपुरी पडते. १९९९ मध्ये डिस्नी वर्ल्डमध्ये फास्टपास आला, ज्यात यंत्रातून वेळ छापलेली चिठ्ठी घेऊन त्या वेळी परत येता येत असे. पुढे हे काम मोबाइलवर गेले, आणि २०२१ पासून अशा सोयीला वेगळे पैसे पडू लागले. लहान मुलांच्या दृष्टीने त्याहून मोलाची सुधारणा २०१२ मध्ये डंबोच्या राइडवर झाली: मोठ्या तंबूत खेळण्याची जागा केली, कुटुंबाच्या हाती एक छोटे गजरयंत्र दिले, आणि पाळी येईपर्यंत मुलांनी घसरगुंडीवर खेळावे व पालकांनी बाकावर बसावे अशी सोय केली. उंचीचा नियमही असाच समजून घ्यावा लागतो. डिस्नी वर्ल्डमधील स्पेस माउंटन या रोलर कोस्टरला ४४ इंचांची अट आहे, कारण बसणाऱ्याला धरून ठेवणारा दांडा विशिष्ट मापाच्या शरीरालाच नीट अडवू शकतो. आणि अशा राइडवर एका पालकाने मुलाजवळ थांबावे, दुसऱ्याने जाऊन यावे, मग पहिल्याने पुन्हा रांग न लावता जावे ही अदलाबदलीची सवलत आली. कठड्याबाहेर उभे राहणे तिने पुरते संपवले नाही, पण ते पाळीपाळीने वाटून दिले.

महाराष्ट्रात या इतिहासाचा प्रवाह वेगळ्या वाटेने आला. येथे मुलाला पाळण्यात बसवण्याचा दिवस देवाच्या जत्रेशी बांधलेला होता आणि त्याची तारीख पंचांग ठरवीत असे. घरची आखणी म्हणजे बैलगाडी किंवा एसटी, शिदोरी आणि मुक्कामाची धर्मशाळा. स्वातंत्र्यानंतर शहरांतील सार्वजनिक बागांनी वर्षभर चालणारी करमणूक दिली, ज्यात पुण्याच्या पेशवे पार्कमधील १९५६ पासूनची ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी अग्रस्थानी आहे. तिच्या डब्यात आजी, आई आणि नातू एकाच तिकिटाच्या आनंदात बसत आले आहेत. दिल्लीत १९८४ मध्ये अप्पू घर निघाले, १९८९ मध्ये मुंबईच्या गोराई भागात एस्सेल वर्ल्ड आले, जेथे बोटीने खाडी ओलांडून जाणे हाच अनेक मुलांसाठी पहिला खेळ असे, आणि २०१३ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सान्निध्यात खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले. दोन मोठी शहरे आणि त्यांना जोडणारा वेगवान रस्ता पाहून जागा निवडण्याचे तत्त्व १९५३ च्या अ‍ॅनाहाइममधलेच आहे. आज अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत नातवंडांना भेटायला गेलेल्या आजीआजोबांना ऑरलँडो किंवा अ‍ॅनाहाइम दाखवण्याचा बेत होतो, तेव्हा तीन पिढ्यांच्या चालीचा मेळ घालण्याचे काम आखणी करणाऱ्याच्या वाट्याला येते.

या दीर्घ वाटचालीतून आखणी करणाऱ्या पालकाच्या हाती काही लागत असेल तर ते हेच की तिकिटे, क्रम आणि वेळापत्रके ही सर्व नंतर आलेली साधने आहेत, उद्यान मोठे होत गेले तसतशी ती वाढत गेली, आणि त्यांतील कोणतेही साधन मूळ हेतूची जागा घेऊ शकत नाही. मूळ हेतू त्या १९४८ च्या टिपणातल्या बाकांत आहे. जे कुटुंब आपल्या वेळापत्रकात दुपारचा एक तास मोकळा सोडते, धाकट्याच्या चालीने चालते आणि त्याने तीच सौम्य राइड पुन्हा मागितली तर यादीतली मोठी राइड आनंदाने सोडून देते, त्या कुटुंबाचे पाहायचे थोडेफार राहून जाते. परंतु ग्रिफिथ पार्कच्या बाकावर बसलेल्या बापाला जे हवे होते, ते त्याला मिळालेले असते.